अर्धा खेळ, पुरे दाम

मृग नक्षत्र तोंडावर आलं की मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला एक जुनं दुखणं नव्यानं सोसावं लागतं. डीएपीचं पोतं मागायला गेलं की उत्तर मिळतं, सोबत सूक्ष्म अन्नद्रव्याचं पाकीट घ्या, नाहीतर नॅनो युरियाची बाटली घ्या. नुसतं पोतं मिळणार नाही. दुकानदाराला जाब विचारावा तर तो वर बोट दाखवतो, कारण त्यालाही माल तसाच बांधून आलेला असतो. पेरणी डोक्यावर असते, ओल उडून जायची भीती असते, आणि शेतकरी मुकाट्यानं खिशात हात घालतो. याला गावोगाव लिंकिंग म्हणतात. दरवर्षी निवेदनं दिली जातात, कृषी विभाग परवाना निलंबित करण्याचा इशारा देतो. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे अशी अट घालणं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यालाही मान्य नाही.

मराठवाड्यातल्या वसमतमध्ये ही अडवणूक कुणाला समजावून सांगावी लागत नाही. हळदीचा हा पट्टा, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद आठ-नऊ महिने शेतात उभी राहते आणि खतही भरपूर खाते. त्यामुळं पोत्याबरोबर गळ्यात पडलेली बाटली इथल्या घराघरात कोनाड्यात पडून असते.

मला बोलायचं आहे ते मात्र दुसऱ्या एका व्यवहाराबद्दल. तो याच घरात, याच बापाच्या पैशांनी होतो, आणि त्याला आपण अजून अडवणूक म्हणायला शिकलेलो नाही. तिथं गिऱ्हाईक आठ-दहा वर्षांचं लेकरू असतं. नको असलेली वस्तू त्याच्या गळ्यात मारत नाहीत. त्याला हवी असलेली वस्तूच दोन तुकडे करून विकतात, आणि प्रत्येक तुकड्याला पूर्ण किंमत लावतात.

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘पॉकेट मॉन्स्टर्स’ नावाचा खेळ निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी बाजारात आला. आपल्या पोरांना तो पोकेमॉन या नावानं ठाऊक आहे. काल्पनिक प्राणी शोधायचे, पकडायचे, वाढवायचे, त्यांच्या झुंजी लावायच्या आणि आपल्या वहीत त्यांची नोंद पुरी करायची, असा तो खेळ. पण तो एक खेळ म्हणून आला नाही, दोन म्हणून आला: लाल आणि हिरवा. गोष्ट तीच, नकाशा तोच, पात्रं तीच. फरक इतकाच की काही प्राणी लालमध्ये भेटत आणि हिरव्यात कितीही हिंडलं तरी भेटत नसत, आणि काहींचं याच्या उलट. १९९८ मध्ये अमेरिकेत तो रेड आणि ब्लू या नावांनी गेला. तिथं ११ प्राणी फक्त रेडमध्ये होते आणि ११ फक्त ब्लूमध्ये. एकान्स नावाचा साप, ग्रोलिथ नावाचं कुत्रं एकीकडे. सँडश्रू आणि टीव्हीवर रोज दिसणारा मियाऊथ दुसरीकडे. जाहिरात मुलांना सांगत होती की सगळेच्या सगळे पकडा. आणि मुलानं विकत घेतलेल्या डबीत ते सगळे नव्हतेच.

दुसऱ्या आवृत्तीतले प्राणी मिळवायचे तर दोनच वाटा होत्या. ती आवृत्ती घेतलेल्या मित्राच्या यंत्राला आपलं यंत्र तारेनं जोडायचं आणि अदलाबदल करायची, नाहीतर दुसरी कॅसेटही विकत घ्यायची. ती घेऊनही भागत नसे. अदलाबदल करायला दुसरं यंत्र लागेच.

ज्या माणसाच्या डोक्यातून हा खेळ निघाला त्याच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि तो इथं सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरोबर होणार नाही. सातोशी ताजिरी हा तोक्योलगतच्या माचिदा भागात वाढला. लहानपणी त्याला किडे गोळा करायचा नाद होता. त्याच्या डोळ्यांदेखत शेतं, तळी, झाडी जाऊन तिथं घरं आणि दुकानं उभी राहिली आणि किडे सापडेनासे झाले. शहरातल्या पोरांना तो आनंद पुन्हा द्यावा, असं त्याला वाटलं. दोन गेम बॉयना जोडणारी तार पाहून तिच्यावरून एक किडा या यंत्रातून त्या यंत्रात चालत चालला आहे, असं चित्र त्याला सुचलं. त्या काळी अशी तार बहुतेक एकमेकांना हरवण्यासाठी वापरत. त्यानं ती देवाणघेवाणीसाठी वापरायचं ठरवलं. आवृत्त्या दोन काढाव्यात ही सूचना निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो यांची असल्याचं सांगितलं जातं, आणि तिच्यामागेही पोरांनी एकमेकांकडे जावं हाच विचार होता.

ताजिरीला जे गमवावं लागलं ते वसमतच्या पोरांजवळ अजून पुष्कळ शिल्लक आहे. पहिल्या पावसानंतर काळ्या रानात लालभडक मखमली मृगाचे किडे निघतात. बाभळीवरचा हिरवा चमकदार सोनकिडा पकडून काडेपेटीत ठेवणं आणि त्याला पाला घालणं हे इथल्या कितीतरी पिढ्यांनी केलं आहे. ओढ्याकाठच्या पोराला जे सापडतं ते माळावरच्या पोराला सापडत नाही, म्हणून शाळेत त्यांची बोलणी होतात, काहीतरी देऊन काहीतरी घेतलं जातं. तिथंही प्रत्येकाजवळ अर्धंच असतं. पण ते अर्धेपण जमिनीनं आणि पावसानं केलेलं असतं. माळावरच्या पोराचे किडे कुणी जाणूनबुजून काढून घेऊन शेजारच्या दुकानात मांडलेले नसतात.

खेळ बनवणाऱ्यांची आणि त्यांच्या चाहत्यांची बाजू मला माहीत आहे, आणि ती हलकी नाही. ते म्हणतात, प्रत्येकाजवळ सगळं असतं तर कुणी कुणाच्या दारात गेलं नसतं. कमी आहे म्हणून माणूस माणसाकडे जातो. लाजरंबुजरं पोर या निमित्तानं अनोळखी पोराशी बोलायला लागतं. हे खरं आहे. जगभरातल्या कितीतरी तरुणांच्या शाळकरी मैत्र्या या तारेवर जुळल्या. पण मैत्रीसाठी कमी असणं गरजेचं होतं असं मानलं, तरी त्यासाठी दोन वेगळ्या डब्या विकण्याची गरज होती का?

याचं उत्तर त्या खेळाच्याच पोटात आहे. खेळ सुरू होताना बल्बासोर, चारमँडर आणि स्क्वर्टल या तिघांपैकी एकच निवडता येतो. उरलेले दोन त्या कॅसेटमध्ये पुन्हा मिळत नाहीत. पुढं एका ठिकाणी दोन जीवाश्मांपैकी एकच उचलता येतो. ईव्ही नावाचा प्राणी एकच मिळतो, त्याची तीन वेगळी रूपं होऊ शकतात, पण आपल्या वाट्याला त्यातलं एकच येतं. काडाब्रा, मशोक, ग्रॅव्हलर आणि हाँटर हे चौघं तर दुसऱ्याच्या यंत्रात गेल्याशिवाय पुढच्या रूपात जातच नाहीत. म्हणजे वर्गातल्या दोन पोरांनी अगदी एकसारखी कॅसेट घेतली असती तरी त्यांना एकमेकांची गरज पडलीच असती. तू चारमँडर घे, मी स्क्वर्टल घेतो, मग बदलू. मैत्री घडवायची सगळी कळ एका डबीत आधीच बसवलेली होती. दुसऱ्या डबीनं तिच्यात नवी गोष्ट एकच घातली: ज्याच्या बापाला परवडतं त्याला मित्राशिवायही वही पुरी करायची सोय.

ही सोय नकळत झाली असेल, असं १९९६ साली म्हणता आलं असतं. पुढच्या वर्षांनी ते म्हणायला जागा ठेवली नाही. जपानमध्ये १९९८ मध्ये पिवळी आवृत्ती आली. त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी जोडी, आणि जोडी विकून झाली की त्याच गोष्टीची थोडी सुधारलेली तिसरी, असा क्रम बराच काळ चालला. क्रिस्टल, एमरल्ड, प्लॅटिनम ही त्याच तिसऱ्यांची नावं. दुसऱ्या कंपन्यांनीही हा धडा गिरवला. जपानमधल्या ‘योकाई वॉच २’ या खेळाची २०१४च्या उन्हाळ्यात जोडी आली आणि वर्षाअखेरीआधी तिसरी आवृत्तीही. २०१९ मध्ये ‘स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’ निघाले तेव्हा दोन्ही एकत्र बांधलेली डबल पॅकही दुकानात होती, अमेरिकेत सुमारे १२० डॉलरला, म्हणजे दोन सुट्या डब्यांच्या बेरजेइतक्याच किमतीला. दोन आवृत्त्या दोन मित्रांसाठी असतात, असं जे सांगितलं जातं ते या एका डबीपुढं टिकत नाही. घरात दोन भावंडं असतील त्यांच्यासाठी ती असेल, असं कुणी म्हणेल. पण एकट्या संग्राहकालाच ती अधिक भुरळ घालते, हे विकणाऱ्याला चांगलं कळतं. पुढच्या वर्षी खेळाचा वाढीव भाग विकायला काढला, तोही दोन आवृत्त्यांसाठी वेगवेगळा. २०२२ मध्ये ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ ही जोडी पहिल्या तीन दिवसांत जगभर १ कोटी प्रतींवर गेली. एवढा खप असलेल्या उद्योगाला दोन तुकड्यांचे पैसे मिळाले नाहीत तर तो बुडेल, असं कुणी सांगू नये.

तारेची जागा आता इंटरनेटनं घेतली आहे. शेजारी बसलेल्या मित्राशी अदलाबदल अजून फुकट होते, पण दूरच्याशी करायची तर निन्टेन्डोची ऑनलाइन वर्गणी भरावी लागते. ज्या गोष्टीचं समर्थन मैत्रीच्या नावानं केलं, तिच्यावरच दर महिन्याचं भाडं बसलं आहे.

वसमतमध्ये किती घरांत निन्टेन्डोचं यंत्र आहे, असा प्रश्न इथं कुणीही विचारील. फार थोड्या. ही महागडी यंत्रं आपल्याकडे दिसतात ती बहुधा पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेल्या नातेवाइकांच्या घरी. पण पद्धत यंत्राबरोबर तिकडेच राहिलेली नाही. ‘पोकेमॉन गो’ भारतात डिसेंबर २०१६ मध्ये जिओच्या साथीनं अधिकृतपणे आला तेव्हा तो स्मार्टफोनवर फुकट होता. त्यातही काही प्राणी जगाच्या ठरावीक भागातच भेटतात: टॉर्कोल आपल्या बाजूला, टॉरोस उत्तर अमेरिकेत, कांगास्कान ऑस्ट्रेलियात. खेळाचे थांबे शहरात पावलापावलाला आणि खेड्यात विरळ, म्हणून वसमतजवळच्या कुरुंद्याच्या पोराचा खेळ पुण्याच्या पोराच्या खेळाहून आपोआपच अर्धा होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाइलवर पोकेमॉनच्या पत्त्यांचा खेळ आला. त्याच्या पहिल्या संचाची पाकिटंच तीन तोंडांची होती, चॅरिझार्डचं, म्यूटूचं आणि पिकाचूचं, आणि काही पत्ते एकात मिळत ते दुसऱ्यात मिळत नसत. दिवसाला दोन पाकिटं फुकट उघडा, अधिक हवी असतील तर पैसे मोजा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी चिप्सच्या पाकिटात टॅझो निघायच्या, तेव्हा पोरं चिप्स टाकून टॅझो ठेवायची. ती पोरं आज आई-बाप आहेत. आणि शाळांभोवतीच्या जनरल स्टोअर्समध्ये दहा-वीस रुपयांना मिळणारी सोनेरी पत्त्यांची बंद पाकिटं, बहुतेक नकली, ही त्याच झाडाची अगदी खालची फांदी आहे.

माझी तक्रार पैशांपुरती नाही. पैसा जातो, तो हळद विकून पुन्हा येईल. लेकरू यातून काय शिकतं, त्याची मला काळजी आहे. त्याला वस्तू हातात पडताच पहिली जाणीव होते ती तिच्यात काय नाही याची. नवी वही, नवी चप्पल, नवा चेंडू घेतल्यावर पोराच्या तोंडावर जी तृप्ती दिसते, ती इथं उमटू द्यायचीच नाही असं आधी ठरवलेलं असतं. आणि हे ठरवणारी माणसं प्रौढ असतात, शिकलेली असतात, मुलाच्या मनाला कुठं खाज सुटते याचा त्यांनी बारकाईनं विचार केलेला असतो. समोर चौथीतलं पोर. या दोघांमधल्या सौद्याला कुणी जबरदस्ती केली नाही, एवढ्यावरून न्याय्य म्हणायचं असेल, तर खताच्या दुकानातही शेतकऱ्याचा हात धरून कुणी त्याच्या खिशात घातलेला नसतो.

वर्गात यामुळं एक उतरंडही तयार होते. दोन्ही आवृत्त्या असलेलं पोर, एक असलेलं पोर, मोबाइल आईचा म्हणून रात्री अर्धा तास खेळणारं पोर, आणि नुसतं पाहणारं पोर. अदलाबदल बरोबरीच्यांत झाली तर ती देवाणघेवाण. ज्याच्याजवळ सगळं आहे त्याच्यासमोर ज्याच्याजवळ काही नाही तो उभा राहिला तर ते मागणं होतं. ताजिरीच्या तारेला दोन्ही टोकांना सारखं वजन हवं होतं. बाजारानं एका टोकाला पैशांची थैली बांधली.

हे थांबवता येत नाही, असं नाही. ज्या देशात हा खेळ जन्मला त्याच जपाननं याच्या अधिक उघड्या रूपाला लगाम घातला आहे. वेगवेगळे पत्ते गोळा करून संच पुरा केला की बक्षीस, आणि कोणता पत्ता निघेल ते नशिबावर, अशा विक्रीला तिथल्या बक्षीसविषयक कायद्यानं पूर्वीपासून मनाई केली होती, कारण संच पुरा करायच्या ओढीनं मुलं भान हरपून खर्च करतात. मोबाइल खेळांनी हीच युक्ती वापरायला घेतली, तेव्हा मे २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक व्यवहार संस्थेनं तीही या मनाईत बसते असं जाहीर केलं. जोडीच्या आवृत्त्या त्या कायद्यात सापडल्या नाहीत, कारण त्यांत नशिबाचा भाग नाही. कोणत्या डबीत काय आहे ते ठरलेलं असतं. पण संच पुरा करायच्या ओढीवर धंदा उभारू नये, हे तत्त्व तर तिथं मान्य झालं.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तो हवाच होता. पण पोकेमॉनसारख्या खेळांत पैसे लावले जात नाहीत, नुसते खर्च होतात, म्हणून ते त्याच्या बाहेर राहतात. २०२२च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक सूचनांत गरज नसताना मुलांना वस्तू घ्यायला लावणाऱ्या भेटवस्तूंच्या जाहिरातींना उत्तेजन देऊ नये, असं म्हटलं आहे. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रीतल्या १३ फसव्या युक्त्यांची यादी केली. खोटी घाई, छुपे आकार, वर्गणीचा सापळा अशा त्या आहेत. मुलाला विकलेली वस्तू मुद्दाम अपुरी ठेवणं ही चौदावी युक्ती त्या यादीत यायला हवी. निदान एवढं तरी सक्तीचं व्हावं की डबीच्या दर्शनी बाजूला, दुकानातल्या साध्या माणसाला वाचता येईल अशा अक्षरांत, या आवृत्तीत किती प्राणी मिळत नाहीत आणि ते मिळवायला आणखी किती खर्च येईल, ते छापलेलं असेल. खताच्या पोत्यावर नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती ते छापावं लागतं. लेकराच्या खेळण्यालाही ते लागू करायला काय हरकत आहे?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर घरात करता येण्यासारखं पुष्कळ आहे. पोरानं दुसरी आवृत्ती, दुसरं पाकीट मागितलं तर मोबाइल काढून घेऊ नका आणि पैसेही देऊ नका. ते कुणाजवळ आहे, त्याच्याकडे जा, म्हणावं. हवा तर त्या मुलाला घरी जेवायला बोलवा. बंद पाकिटं दुकानात ठेवायचीच नाहीत, असं दुकानदारांनी आपसात ठरवलं तर दिवसाच्या गल्ल्यात फार फरक पडणार नाही. शिक्षकांनी आठवड्यातला एक तास अदलाबदलीचा ठेवावा: गोट्या, पिसं, पानं, दगड, नाणी, वाचून झालेली पुस्तकं, पत्ते असतील तर पत्तेही, नियम एवढाच की त्या तासात पैशांचं नाव काढायचं नाही. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात दिसणाऱ्या पक्ष्यांची वही वर्गानं मिळून भरली तर तीही कुणा एकाला पुरी करता येत नाही, आणि तिची दुसरी आवृत्ती विकत मिळत नाही.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिली पालकसभा होते, तिथं गणवेश आणि हजेरीबरोबर हा विषयही घ्यावा. त्या बैठकीला मुलांनाही बसू द्यावं, कारण कोणता प्राणी कोणत्या आवृत्तीत मुद्दाम ठेवलेला नाही, याची सगळ्यांत नेमकी माहिती त्या खोलीत त्यांच्याचजवळ असेल.